तुम्ही विचारलंत म्हणून: दातावरून माणूस मूळचा कुठला ते कळतं का?

लग्नाच्या पंगतीत, रेल्वेत, व्याख्यानानंतरच्या चहाला, प्रश्न ठरलेला: "तुम्ही जुन्या दातांचं काम करता ना? मग सांगा, आपण मूळचे कुठले?" उत्तरंही ठरलेली, इथले किंवा बाहेरचे. मी फक्त शिक्का मारायचा.

एकदाच लिहून टाकते. वंश, कूळ माझ्या यंत्राला दिसत नाही. ते डीएनएवाल्यांना विचारा. पहिली दाढ घडत असताना, म्हणजे जन्मापासून साधारण तिसऱ्या वर्षापर्यंत, पोटात कुठल्या जमिनीवरचं अन्नपाणी गेलं, एवढंच मी सांगू शकते. खडकात स्ट्रॉन्शियम नावाचा धातू असतो, आणि त्याच्या दोन प्रकारांचं एकमेकांशी प्रमाण जमिनीगणिक बदलतं. हे स्ट्रॉन्शियम मातीतून पिकात, पिकातून दातात येतं आणि कॅल्शियमची जागा घेतं. दातातला प्रमाणाचा आकडा मोजायचा आणि कुठल्या जमिनीशी जुळतो ते नकाशावर बघायचं, एवढंच माझं काम. आजोबा सातासमुद्रापारचे असोत, नातू इथे वाढला तर त्याची दाढ इथलीच. हडप्पा आणि हरियाणातलं फरमाणा या सिंधू संस्कृतीच्या ठिकाणच्या दफनांवरचा अभ्यास २०१५ साली आला. त्यातले बरेच जण लहानपणीच दुसऱ्या भागातून आलेले निघाले. लगेच मला फोन: "बघा, बाहेरचेच!" अहो, दुसरा भाग म्हणजे त्याच सिंधू संस्कृतीचा मुलूख.

पण माझं खरं दुखणं वेगळं आहे. एग्टवेडची मुलगी.

डेन्मार्कमधल्या एग्टवेड गावी १९२१ साली एका दफन-टेकाडात ओकच्या खोडाची शवपेटी सापडली. इसवी सनापूर्वी १३७० च्या सुमाराची, आत सोळा-अठरा वर्षांची मुलगी. हाडं आम्लधर्मी पाण्यात विरघळून गेली होती. केस, नखं, दातांचं एनॅमल आणि लोकरीचे कपडे टिकले होते. २०१५ साली संशोधक करिन फ्राय यांच्या गटाने दाढ, केस, नख, लोकर असं सगळं तपासलं. ती डेन्मार्कची नाही, बहुधा दक्षिण जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्टकडची, आणि शेवटच्या दोनेक वर्षांत तिची लांबवर ये-जा झाली होती, असा निष्कर्ष निघाला.

ही गोष्ट मी कुठे कुठे सांगितली असेल! शेवटची स्लाइड तिच्या पट्ट्यावरच्या काशाच्या चकतीची. सासरी आलेली, माहेरी जाऊन परतलेली पोर. आपल्या बायकांना त्यापुढे काही समजवावं लागत नसे.

२०१९ साली ऑर्हुस विद्यापीठातल्या एरिक थॉमसन आणि रास्मुस आंद्रेआसन यांचा निबंध आला. एग्टवेड भागातल्या रेताड, आम्ल जमिनीत शेतकरी कित्येक वर्षं चुना टाकत आले आहेत. त्या चुन्यातलं स्ट्रॉन्शियम ओढ्या-तळ्यांत उतरतं, आणि 'स्थानिक' पातळी ठरवणारा नकाशा तर अशाच पाण्यावरून काढलेला. चुना न पोचलेलं पाणी तपासलं, तर मुलीचा आकडा एग्टवेडच्या आसपासच जुळतो. म्हणजे ब्लॅक फॉरेस्टची गरजच नाही. फ्राय यांच्या गटाला हे मान्य नाही, वाद चालूच आहे.

त्यानंतरच्या एका व्याख्यानात मी हे सांगितलं, तर मागून एक गृहस्थ म्हणाले, "म्हणजे इतकी वर्षं तुम्ही थापाच मारत होता." लोक हसले. मला झोंबलं, अजून झोंबतं. थापा कसल्या? दाढेतला आकडा कुणीच खोडलेला नाही. केसांतल्या आकड्याचे चढउतारही तसेच आहेत. ते जर्मनीपर्यंतच्या प्रवासाचे की शेजारच्या खोऱ्यातल्या फेऱ्यांचे, एवढाच प्रश्न. भांडण नकाशाचं आहे.

असं मी ठणकावते, आणि ती जुनी, स्लाइडवाली मी हळूच विचारते: नकाशाशिवाय त्या आकड्याला अर्थ तरी काय गं? मी म्हणते, तूच लोकांना माहेर-सासर विकलंस, मी नाही. ती म्हणते, त्याशिवाय ऐकलं असतं कुणी? त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. खरं तर मला आजही ती जर्मनीहून आलेली असावी असंच वाटतं. वाटण्याला पुरावा लागत नाही, म्हणून निबंधात लिहीत नाही.

"मग इनामगावच्या दातांवर करा की!" हेही नेहमीचं. इनामगाव म्हणजे पुणे जिल्ह्यातलं, घोड नदीकाठचं ताम्रपाषाणयुगीन गाव. करायचं तर आधी इथला नकाशा हवा. घोड नदीकाठी बिनखताचं शेत दाखवा मला. सुपर फॉस्फेटमध्येही स्ट्रॉन्शियम असतंच. म्हणून मी देवराया धरल्या आहेत. तिथे पान तोडू देत नाहीत, तेव्हा गळलेली पानं, कडेचं गवत, गोगलगायींचे शंख गोळा करते. झाडाची मुळं खोल, गवताची वरवर. एकाच देवराईतून दोन आकडे येतात, आणि त्यातला कुठला धरायचा यावर आमच्या खोलीतल्या तिघांचंही एकमत नाही.