शिकागोच्या यार्डात अडकलेला रीफर डबा

वॉशिंग्टन राज्यात, कोलंबिया नदीच्या खोऱ्यात, गोठवलेले फ्रेंच फ्राइज तयार करणाऱ्या एका कारखान्याच्या माल-पाठवणी विभागात मी काम करते. ट्रक रोजचेच होते. पेनसिल्व्हेनियातील शीतगृहाकडे रेल्वेने माल धाडण्याचे काम मात्र गेल्या हिवाळ्यात पहिल्यांदा माझ्याकडे आले. एका रीफर डब्यात, म्हणजे शीतयंत्र बसवलेल्या मालडब्यात, तीन ते चार ट्रकांचा माल मावतो, त्यामुळे इतक्या लांबच्या प्रवासाला रेल्वेच परवडते, हे माझे मत त्यानंतरच्या मनस्तापानेही बदललेले नाही.

डबा वेळेवर आला, आधीच थंड करून घेतला, पॅलेट भरले, दाराला सील लागले आणि गाडी निघाली.

सातव्या दिवशी, एका गुरुवारी, डबा शिकागोला पोहोचला आणि तिथेच थांबला. पश्चिमेकडील रेल्वे कंपन्या पूर्वेकडच्या कंपन्यांना डबे सोपवतात त्या ठिकाणांत शिकागो सर्वांत मोठे. पश्चिमेच्या कंपनीने फोनवर सांगितले की डबा आम्ही सोपवला आहे. पूर्वेच्या कंपनीने सांगितले की डबा आमच्या यार्डात आहे, पण त्याचे वेबिल, म्हणजे माल कोणाकडे आणि कोणकोणत्या रेल्वेने जायचा हे सांगणारे पत्र, आमच्याकडे नाही, आणि वेबिल नसलेला डबा आम्ही हलवत नाही. वेबिल पाठवल्याची नोंद माझ्यासमोर होती. ती मी दोघांनाही ईमेल केली, दोघांनीही मला तक्रार क्रमांक दिला आणि दोघांनीही एकमेकांकडे बोट दाखवले.

रीफर डब्याचे शीतयंत्र डिझेलवर चालते आणि आतले तापमान व टाकीतील इंधन उपग्रहामार्फत संगणकावर दिसते. शुक्रवारी सकाळी इंधन 46 टक्के होते, रविवारी रात्री 31. एकेकाळी रीफर डब्यांत वाटेवरच्या थांब्यांवर बर्फ आणि मीठ भरत असत, पण गोठवलेल्या मालाला लागणारी उणे 18 अंशांची थंडी त्यावर भरवशाने टिकत नसे. म्हणूनच यंत्राचे डबे आले, आणि आता सारी भिस्त त्या टाकीवर. डिझेल कोण भरणार हे विचारले, तर तेही उत्तर मिळेना. (डब्यावरील खुणेच्या शेवटी एक्स हे अक्षर असेल, तर डबा रेल्वे कंपनीचा नसून खाजगी मालकाचा असतो. इंधनासाठी कोणाला फोन करायचा, हे डबा भरण्यापूर्वीच विचारून कागदावर लिहून घ्यावे.)

सोमवारी यार्डाच्या कार्यालयातील एका बाईंनी मला संगणकावरील नकाराचा संदेश शब्दशः वाचून दाखवला. शीतगृहापर्यंतचा शेवटचा टप्पा ज्या छोट्या रेल्वेकडे होता ती बदलली होती आणि आमच्या वेबिलच्या जुन्या नमुन्यात आधीच्याच रेल्वेचे नाव होते, म्हणून संगणकाने वेबिल परत पाठवले होते. चूक आमची होती, हे मी मान्य करते. पण तो नकार चार दिवस पश्चिमेच्या कंपनीकडे पडून राहिला आणि पाच वेळा फोन करूनही तिथल्या एकानेही तो उघडून पाहिला नाही, याचा राग अजून गेलेला नाही. दुरुस्तीला मला दहा मिनिटे लागली. मंगळवारी डबा हलला. वेबिल भरण्यापूर्वी माल घेणाऱ्यालाच विचारावे, की तुमच्या साइडिंगवर, म्हणजे गोदामापर्यंत आलेल्या रुळांवर, सध्या कोणती रेल्वे डबे आणून लावते.

शीतगृहात त्यांनी एक खोके फोडले, पिशवीत थर्मामीटरची सुई खुपसली आणि उणे 19 हा आकडा मला फोनवर कळवला, तेव्हा मी खुर्चीत बसले. भरताना प्रत्येक रांगेतील मालाचे तापमान असेच सुई खुपसून घ्यावे आणि त्याचे छायाचित्र ठेवावे. डब्यातील हवेचा आकडा दाखवून माल शाबूत होता हे सिद्ध होत नाही. पॅलेट भिंतीला टेकवू नयेत, हवा फिरायला जागा हवी, हेही भरणाऱ्यांना दरवेळी सांगावे लागते.

पंधरा दिवसांनी त्या चार दिवसांच्या डिमरेजचे, म्हणजे डबा अडकून राहिल्याबद्दलच्या आकाराचे, बिल आले. फोनच्या वेळा आणि ईमेल जोडून मी हरकत घेतली, तेव्हा निम्मी रक्कम माफ झाली. उरलेल्या निम्म्यासाठीचे दुसरे पत्र मी कालच पाठवले आहे.