व्ही की डब्ल्यू?

माझं नाव सविता. दहावीच्या मार्कशीटवर ते डब्ल्यूनं लिहिलंय, तेच पुढं बीएस्सी नर्सिंगच्या डिग्रीवर उतरलं. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचा फॉर्म मी भरला तो व्हीनं. पासपोर्ट लग्नानंतरचा, त्यामुळं त्यावर सासरचं आडनाव. इतकी वर्षं वॉर्डात ह्यानं कुणाचं काही अडलं नाही. यूकेला जायचं ठरवलं आणि ह्या तिघी एकच बाई आहे हे सिद्ध करायची पाळी आली.

आधी एका एजंटकडं गेले होते. ‘ताई, सगळी जोडणी आमच्याकडं, तुम्ही फक्त तीन लाख भरा.’ घरी येऊन वाचलं तर यूकेच्या नियमात नोकरी लावून द्यायला नर्सकडून पैसे घेताच येत नाहीत, ते भरती करणारं हॉस्पिटल देतं. आपला खर्च परीक्षांचा आणि अर्जाचा. तिथल्या नर्सिंग कौन्सिलला, म्हणजे एनएमसीला, अर्ज तपासायचे 140 पौंड आणि सीबीटीचे, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या परीक्षेचे, 83. एजंटला रामराम केला.

आडनावासाठी लग्नाचा दाखला हवा होता, आणि आमच्या लग्नाची नोंदणीच नव्हती! महापालिकेत तीन साक्षीदार, लग्नपत्रिका आणि लग्न लावलेल्या भटजींची सही मागितली. पत्रिका आत्यांच्या, म्हणजे सासूबाईंच्या, ट्रंकेत सापडली, साड्यांच्या घडीत, हळद लागलेली. भटजी मात्र कागलला लेकाकडं राहायला गेलेले. हे आणि मी गाडीवरून गेलो. त्यांनी चष्मा लावून पत्रिका वाचली, म्हणाले, ‘मुहूर्त चांगला काढला होता की मी.’ मग सही केली. व्ही-डब्ल्यूसाठी अ‍ॅफिडेव्हिट केलं आणि राज्याच्या गॅझेटात नाव छापून घेतलं. ज्यांना जायचंय त्यांनी आयेल्ट्सच्या, म्हणजे इंग्रजीच्या परीक्षेच्या, क्लासची फी भरण्याआधी सगळे कागद टेबलावर मांडून स्पेलिंग बघा.

इंग्रजीसाठी मी आयेल्ट्सऐवजी ओईटी दिली, ती दवाखान्यात काम करणाऱ्यांसाठीची इंग्रजीची परीक्षा. वाचन, श्रवण आणि बोलण्याला बी लागतो, लेखनाला सी प्लस चालतो. लेखनात पेशंटच्या नोंदी देतात, त्यावरून रेफरलचं पत्र लिहायचं. नोंदीतलं काय गाळायचं, हीच खरी परीक्षा. माझं पहिलं सरावपत्र दोन पानी झालं होतं.

सीबीटी मुंबईला. महालक्ष्मी एक्सप्रेसनं रात्री निघाले. गणिताचा भाग 15 प्रश्नांचा, अर्धा तास. थेंब आणि मिलीलिटर आपल्या हाताखालून रोज जातात, तो सुटला. दुसऱ्या भागात 100 प्रश्न, अडीच तास, आणि तिथं खरी गंमत. पेशंट ऑपरेशनला नको म्हणतोय, मुलगा करा म्हणतोय, तर नर्सनं काय करायचं? इथं आम्ही पहिली मुलालाच हाक मारतो, सहीसुद्धा बऱ्याचदा तोच करतो. तिथं पेशंट शुद्धीवर असेल, त्याला सगळं कळत असेल, तर त्याचाच शब्द. सरावात असले प्रश्न मी सवयीनं चुकत होते.

बाकी गोष्टी रांगेतल्या. पोलिस क्लिअरन्स, टीबीचा एक्स-रे. इथल्या कौन्सिलचं व्हेरिफिकेशन, म्हणजे आपली नोंदणी खरी असल्याचं पत्र, थेट एनएमसीला जातं, आपल्या हातात देत नाहीत, त्यामुळं नुसता मेल बघत बसायचं.

आता उरलीय ऑस्की, म्हणजे प्रात्यक्षिक परीक्षा, ती तिकडं गेल्यावरच. दहा स्टेशनं, म्हणजे दहा टप्पे, काही लेखी, बाकीच्यात पेशंटशी वागणं आणि हातानं करायची कामं. म्हणून रोज रात्री आत्या कॉटवर पेशंट होऊन झोपतात. मी पडदा ओढल्यासारखा करते, हात धुतल्यासारखे करते, नाव विचारते, मनगटावरचा पट्टा म्हणून त्यांच्या बांगड्या तपासते. मग विचारायचं, कशाची अ‍ॅलर्जी?

‘तुझ्या आळणी आमटीची,’ आत्या म्हणतात. ‘लिही तिथं.’