६बी ६बी ६सी

शनिवार, रात्रीचे साडेअकरा. दांडिया बाजार, बडोदे.

आज सापडलं! गेले १९ दिवस जिच्या मागे होते ती चूक एका बाइटने दाखवून दिली.

मकरपुऱ्यातल्या एका कारखान्यात आमचा बोर्ड वजनकाट्याला यूएसबीने जोडलाय. त्याचा लिनक्स ड्रायव्हर, म्हणजे काट्याशी बोलणारा प्रोग्रॅम, माझा. तीन-चार दिवसांतून एकदा बोर्ड बंद पडायचा आणि कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, दर वेळी नेटवर्कच्या कोडकडे बोट दाखवायचा. मीही तेच खरं धरून बसले. नेटवर्क बघणाऱ्या दादांना दोनदा म्हटलं, "दादा, तुमच्याकडेच काहीतरी गडबड आहे." दोन्ही वेळा त्यांनी रात्र जागवून सगळं तपासलं. काही निघालं नाही. आता ते आठवलं की फार वाईट वाटतं.

काल बोर्ड घरी आणला. कर्नलला सांगितलं, वापरून परत आलेल्या मेमरीच्या बाइटांत ६बी हा सोळाच्या पद्धतीतला आकडा भरून ठेव. कुणी नंतर तिथे हात लावला तर लगेच उघड होतं. मग केबल काढायची, लावायची, काढायची. आई शेजारी तूर निवडत बसली होती. "सारखी ती वायर काय उपसतेस गं?" ४३व्या वेळी पडद्यावर ओळ आली: पहिला बाइट ६बी हवा होता, ६सी निघाला.

६बीपेक्षा बरोबर एकने जास्त. कुणीतरी तिथे एक मिळवला होता. आणि माझ्या ड्रायव्हरमध्ये एकच जागा अशी आहे: काट्याकडून उत्तर आलं नाही की चुकांचा काउंटर एकने वाढतो.

मग सगळं उलगडत गेलं. दर २०० मिलिसेकंदांनी एक काम काट्याला वजन विचारतं. केबल निघाली की मी ते काम रद्द करून मेमरी सोडत होते. पण मी वापरलेलं 'कॅन्सल डिलेड वर्क' फक्त रांगेत थांबलेलं काम काढतं. जे आधीच सुरू होऊन उत्तराची वाट बघतंय, त्याच्यासाठी ते थांबत नाही. मेमरी गेली, काम नंतर जागं झालं, उत्तर नाही म्हणून एक मिळवला. तोवर २५६ बाइटचा तो खण नेटवर्कला मिळालेला असायचा. त्यांच्या पॉइंटरमध्ये, म्हणजे मेमरीतला पत्ता ठेवलेल्या जागी, माझा एक जाऊन बसायचा आणि कोसळायचे ते.

खात्रीसाठी केसॅन, म्हणजे मेमरीच्या चुका पकडणारी कर्नलमधली सोय, लावून कर्नल पुन्हा बांधला. दर ८ बाइटांवर पहाऱ्याला १ बाइट, म्हणजे आमच्या ५१२ एमबीतले ६४ त्यातच गेले, पण त्याने मेमरी कुणी घेतली, कुणी सोडली, नंतर कुणी लिहिलं, तिन्ही वाटा छापल्या. तिन्हींवर माझ्याच फंक्शनची नावं.

दुरुस्ती एका ओळीची. त्याच नावापुढे 'सिंक' असलेलं फंक्शन वापरलं. सुरू असलेलं काम संपेपर्यंत ते थांबतं आणि काम स्वतःला पुन्हा रांगेत लावायला गेलं तर तेही अडवतं. मेमरी सोडायची ती त्यानंतरच.

जेवणाआधी दादांना फोन केला. "दादा, चूक माझ्या ड्रायव्हरमध्ये होती. तुमच्या दोन रात्री माझ्यामुळे गेल्या, माफ करा."

क्षणभर थांबून म्हणाले, "बरं झालं, सापडलं. पॅच पाठव, मी बघतो."

पॅच, म्हणजे दुरुस्तीचा कोड, पाठवला. वर कारण सविस्तर लिहिलंय आणि नेटवर्कचा कोड बरोबर होता हेही. आता केबल आपोआप जोडायची-तोडायची स्क्रिप्ट लावलीय. १,१४० वेळा झालं, अजून सगळे ६बीच आहेत.