व सहकलाकार

बुधवार, रात्री दीड

झोप येत नाही. रविवारच्या मैफलीच्या पत्रिकेवर गाणाऱ्या ताईंचं नाव, तबल्याचं नाव, निवेदनाचं नाव आणि पेटीवाला मी खाली 'व सहकलाकार'. फ्लेक्सवरही तेच. मंडळवाले म्हणाले, जागा पुरली नाही. माझ्या नावाला अशी किती जागा लागली असती? ही म्हणाली, "सोडून द्या आता." सोडलंही होतं. पण ताईंनी पत्रिका हातात घेतली, वाचली आणि पर्समध्ये ठेवली. काही बोलल्या नाहीत. ते सुटत नाही.

मघाशी 'लाइटनिंग इन अ बॉटल' हा माहितीपट पुन्हा लावला. 7 फेब्रुवारी 2003 ला न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्ये झालेली ब्लूजची, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या गाण्याची मैफल, दिग्दर्शक अँटवान फुक्वाने टिपलेली. अंजेलिक किजोच्या आवाजातून आफ्रिका येते, मग गायिका मेव्हिस स्टेपल्स येते, सत्याऐंशी वर्षांचे हनीबॉय एडवर्ड्स येतात. एरवी मी बी. बी. किंगची वाट बघत बसतो. आज गिटारवाल्या ह्यूबर्ट समलिनपाशीच अडकलो.

'किलिंग फ्लोअर' गातो डेव्हिड जोहान्सन. गिटार समलिनची. 1964 साली ब्लूज गायक हाउलिन वुल्फने हे गाणं ध्वनिमुद्रित केलं तेव्हाही त्यावर समलिनचीच बोटं होती. गाणं कानावर पडलं की आधी ती गिटार आठवते, मग शब्द. आणि रेकॉर्डवर मोठं नाव वुल्फचं. 1954 ला पोरगा समलिन शिकागोला वुल्फकडे गेला आणि मधला थोडा काळ सोडला तर 1976 मध्ये वुल्फ जाईपर्यंत त्याच्याच मागे उभा राहिला. बावीस वर्षं! माझी एकोणीस झाली.

ब्लूजचं आवर्तन बारा बारचं, बार म्हणजे ठरावीक मात्रांचा एक खंड. चार-चार बारच्या तीन ओळी. प्रत्येक ओळीत साधारण दोन बार गळा गातो, उरलेले दोन वाद्याचे. म्हणजे निम्मी जागा साथीची, आणि ती कुणी मेहेरबानी म्हणून दिलेली नाही, रचनेतच आहे. ताई श्वास घेतात तेवढ्यात मी पेटीवर जे भरतो, ते तरी वेगळं काय आहे? मग 'व सहकलाकार' का?

पुन्हा तिथेच आलो.

समलिनची एक गोष्ट मला फार आवडते. सुरुवातीला तो वुल्फच्या गाण्यावर चढून वाजवायचा. वुल्फने त्याला घरी पाठवलं, म्हणाला, ते पिक, तारा छेडायची ती पट्टी, ठेव आणि बोटांनी वाजव. समलिनने बोटांनी वाजवायला घेतलं आणि तिथेच त्याला त्याचा स्वतःचा सूर सापडला. मलाही ताईंनी पहिल्याच वर्षी सांगितलं होतं, "माझ्या आवाजावर चढू नकोस, शेजारी ये." मी रडकुंडीला आलो होतो. आज माझी पेटी कुणी ओळखत असेल, तर त्या एका वाक्यामुळे.

रविवारी मी चढलो होतो का? मारवा रागात, दोनदा. चिडलेला होतो. ताईंनी मान वळवून पाहिलं होतं, हे आत्ता लिहिताना आठवतंय. त्या काही बोलल्या नाहीत त्या दोन्ही वेळा. दुसरं कुणी असतं तर मध्यंतरातच बोललं असतं. जाऊ दे.

रेडिओ सिटीतली ती मैफल ज्या शंभरीच्या निमित्ताने झाली ती गंमतच आहे. 1903 साली मिसिसिपीतल्या टटवाइलर स्टेशनवर संगीतकार डब्ल्यू. सी. हँडी नऊ तास उशीर झालेल्या गाडीची वाट बघत डुलक्या घेत होता. शेजारी एक काळा माणूस गिटारच्या तारांवर सुरी दाबून वाजवत, गात होता. हँडीने पुढे 'सेंट लुइस ब्लूज' लिहिलं, ब्लूजचा जनक म्हणवला गेला. त्या माणसाचं नाव त्याने विचारलंच नाही बहुतेक. कुठेच नोंद नाही. फाटके कपडे, बुटांतून बाहेर डोकावणारे पाय, एवढं मात्र हँडीने लिहून ठेवलं. रेडिओ सिटीतल्या त्या भरल्या सभागृहात त्याच माणसाची शंभरी होती, आणि त्याला 'व सहकलाकार' एवढंही मिळालं नाही. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हँडीचा राग आला होता. आज त्या माणसाचंच जास्त मनात येतंय. स्टेशनवर एकटा बसून स्वतःची ओळ स्वतःच म्हणत होता, आणि उत्तरही स्वतःच देत होता.

दहा वाजता ताईंचा निरोप आला होता, मी आत्ता पाहिला. "शनिवारी पाचला ये. सूर काळी एक. मारवा घेऊ परत."

परत.

पेटीतला खर्जाचा पंचम हवा खातोय. सकाळी उघडून साफ करतो.