एक मीटर लांब, तीन किलो वजन

रविवार, रात्री

रायफलीचा विषय आता तडीस न्यायला हवा. चतुर्थीला भाचा अमेरिकेहून आला तेव्हापासून तो मनात घोळतोय. आरती आटोपून सगळे पडवीत बसले होते, तेव्हा त्याने मोबाइलवर आपली रायफल दाखवली. रुगर कंपनीची ‘गनसाइट स्काउट’. साडेसोळा इंचांची नळी, खाली दहा गोळ्यांचं मॅगझिन, हाताने बोल्ट मागेपुढे करून एकेक गोळी चढवायची. दस्त्यासकट लांबी जेमतेम एक मीटर. “मामा, खांद्याला अडकवून दिवसभर डोंगर चढलो तरी जड होत नाही,” तो म्हणाला. ते वाक्य माझ्या मनात घर करून बसलं.

आमच्याकडे बाबांची दुनळी आहे. बारा बोअरची, तीस इंची नळ्यांची. बाबांच्या पश्चात शेतीराखणीचा परवाना माझ्या नावावर झाला. बंदूक चोख आहे, पण वरच्या भाटात, म्हणजे डोंगराकडच्या बागायतीत, काजूच्या फांद्या जमिनीला टेकलेल्या असतात. त्यांच्याखालून वाकून जाताना नळी हमखास अडकते आणि दस्ता बरगडीत बसतो. गुडघे आता पूर्वीचे राहिले नाहीत. आखूड आणि हलकी बंदूक हा माझ्यासाठी हौसेचा मामला नाही.

झोप येईना म्हणून या रायफलीमागचा विचार वाचत बसलो. तो जेफ कूपर यांचा. अमेरिकेच्या मरीन दलातले निवृत्त अधिकारी. ॲरिझोनात १९७६ साली त्यांनी ‘गनसाइट’ ही शस्त्रशिक्षणाची शाळा काढली. १९८०च्या दशकात त्यांनी जाणकारांना एकत्र बसवून विचारलं की एकट्या, पायी फिरणाऱ्या माणसाला एकच रायफल बाळगायची असेल तर ती कशी असावी? लांबी एक मीटरच्या आत, वजन दुर्बीण आणि पट्ट्यासह तीन किलोंच्या आसपास, फार तर साडेतीन. दुर्बीण कमी ताकदीची आणि बोल्टच्या पुढे नळीवर बसवलेली, म्हणजे दोन्ही डोळे उघडे ठेवून नेम धरता येतो आणि आजूबाजूचं रान नजरेआड होत नाही. आणि दोनशे किलोंपर्यंतचं जनावर एकाच गोळीत पडावं. ऑस्ट्रियाच्या श्टायर कंपनीने त्यांच्या सल्ल्याने १९९८ साली अशी रायफल बाजारात आणली. रुगरची २०११ सालची.

मला या माणसाची शिस्त मनापासून आवडली. आधी माणूस कुठे चालणार ते बघितलं, मग हत्यार ठरवलं.

मंगळवार

आज टेप घेऊन दुनळी मोजली. टोकापासून टोकापर्यंत एक मीटर अठरा सेंटिमीटर. मग कुळागराच्या, म्हणजे पोफळीच्या बागेच्या कडेचा चिवा, बारीक बांबू, बरोबर एक मीटरचा तोडला, त्याला तीन किलो भरेपर्यंत लोखंडी सळईचे तुकडे सुंभाने आवळून बांधले आणि दुनळीचा जुना पट्टा लावला. तो खांद्यावर टाकून खालच्या मळीपासून पोफळींमधून थेट वरच्या भाटापर्यंत जाऊन आलो.

अठरा सेंटिमीटरांनी एवढा फरक पडेल असं वाटलं नव्हतं. पाटावरच्या साकवावरून जाताना दोन्ही हात मोकळे. काजूखाली बसून सरकलो तरी कुठे अडकलं नाही. उतरणीला पाय घसरला तेव्हा एका हाताने झाड धरलं, दुसऱ्या हाताने चिवा छातीशी धरला आणि तोल सावरला. दुनळी असती तर तिला सांभाळायलाच दोन्ही हात लागले असते. बायको अंगणात सुपारी वाळत घालत होती. तिने काही विचारलं नाही, तरी मी आपण होऊन सगळं सांगितलं. “आखूड हवी हे पटलं. पण रायफलच का?” ती म्हणाली. मला लगेच उत्तर देता आलं नाही.

गुरुवार

पणजीत विक्रेत्याकडे जाऊन आलो. भला माणूस, घाई न करता सगळं समजावून सांगितलं.

भाच्याकडची रायफल .३०८ची, म्हणजे जिच्यात ७.६२ची लष्करी गोळी बसते ती. आपल्याकडे .३०३ किंवा ७.६२चं लष्करी काडतूस चालेल अशी कुठलीही रायफल प्रतिबंधित वर्गात मोडते, बोल्टची असली तरी. आणि बाहेरून शस्त्र आणणं सामान्य माणसाला १९८०च्या दशकापासूनच बंद आहे. नामांकित नेमबाजांची गोष्ट वेगळी. तेव्हा ते दार बंद.

उरते आपली देशी ३१५ बोअर. बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यातली, इंग्रजी लष्कराच्या जुन्या ली-एनफिल्ड रायफलीच्या घडणीची. इंग्रजांच्या काळात लष्कराची .३०३ची गोळी रयतेच्या हाती पडू नये म्हणून हे वेगळं बोअर रुजलं आणि आजही तेच चालू आहे. हातात घेऊन पाहिली. बोल्ट मोकळा फिरतो, खांद्याला नीट बसते. पण ती एक मीटरची नाही. नळी कापून आखूड करता येईल का, असं विचारल्यावर त्याने हातच जोडले. परवान्याशिवाय नळी आखूड करणं हा शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे.

मग त्याने कायद्याचं तेरावं कलम काढून समोर ठेवलं. पिकाच्या राखणीसाठी त्यात ठासणीच्या बंदुकीचं नाव आहे. ती पुरेशी नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक. पिकाच्या राखणीसाठी नळीत आटे असलेल्या रायफलीचा तिथे उल्लेखच नाही. रायफल हवी तर वेगळं, सबळ कारण द्यावं लागेल. परवाना देणं न देणं मग त्यांच्या मर्जीवर.

परतताना वाटेतल्या साखळी गावापर्यंत तेच डोक्यात होतं. कायदा १९५९ सालचा, पण तो लिहिणाऱ्याला शेत ठाऊक असावं.

शनिवार, पहाटे

रात्र खोपीत काढली. भात पिवळं पडलंय, पुढच्या आठवड्यात कापणी. याच दिवसांत डुकरं उतरतात. चंद्र नव्हता. दोनच्या सुमाराला बांधाच्या पलीकडे आधी नाकाचा फुत्कार ऐकू आला, मग कणसं चघळल्याचा कचकच आवाज. बॅटरी मारली. तीन-चार डुकरांच्या पाठी आणि एक मोठा नर, खोपीपासून तीसेक पावलांवर. नर बॅटरीकडे तोंड करून उभा राहिला. कानामागचे केस ताठ, सोंडेवर चिखल.

रायफल असती तर हा नेम सोपा होता. मी तसा धरूनही पाहिला, दुनळी खांद्याला लावून, दोन्ही डोळे उघडे ठेवून. आणि दोन्ही डोळे उघडे होते म्हणूनच डुकराच्या मागे काय आहे ते दिसलं: मळीचा सपाट पट्टा, त्यापुढे ओहोळ, आणि ओहोळाच्या पलीकडे शेजारच्या काकांच्या पडवीतला दिवा. काका दम्यामुळे रात्री पडवीत बसून असतात.

रायफलीची गोळी जनावर चुकवून गेली, किंवा त्याच्या आरपार गेली, तर त्या दिव्यापाशी थांबणार नाही. ती तीन किलोमीटरांच्याही पुढे जाऊ शकते. दुनळीतले बारीक छर्रे दोन-तीनशे मीटरांत जमिनीवर पडतात.

मी नळ्या वर करून डोंगराच्या बाजूला एक बार काढला. सगळी डुकरं एका दमात रानात पसार. वर्षानुवर्षं मी हेच करत आलोय, बाबाही हेच करायचे. शेतातली बंदूक बहुतेक वेळा आवाजासाठीच उचलली जाते. हवेत रायफल कुणी उडवायची? वर गेलेली गोळी कुठे उतरेल, हे कुणाच्या हातात नसतं.

आणि डुक्कर मारायचं म्हटलं तरी ते काही माझ्या मनावर नाही. वन्यजीव कायद्यातली २०२२ सालची दुरुस्ती लागू झाली, तेव्हापासून रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत, म्हणजे संरक्षित प्राण्यांच्या यादीत आहे. पीक नासलं तरी मुख्य वन्यजीव रक्षकाचा किंवा अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याचा लेखी हुकूम लागतो. गव्याला तर हात लावायचा नाही. तो पहिल्या अनुसूचीत आणि आमच्या राज्याचा प्राणी. शिवाय कूपर यांच्या दोनशे किलोंच्या हिशेबात तो बसतही नाही, सात-आठशे किलोंचं ते धूड. जानेवारी २०२०मध्ये आमच्याच सत्तरी तालुक्यात, गोळावलीच्या रानात एक वाघीण आणि तिचे तीन बछडे विष घालून मारले गेले. डुकरांना आवर घालणारं ते जनावर होतं. त्या आठवड्यात वाळपईच्या बाजारात मान खाली घालून फिरलो होतो. रागाच्या भरात माणसाच्या हाती काय लागतं यावर बरंच काही अवलंबून असतं, आणि मलाही राग येतो. गेल्या वर्षी रसबाळी केळीची अख्खी लागवड एका रात्रीत मुळासकट उखडली गेली, तेव्हा सकाळी मी कसा होतो ते बायकोला माहीत आहे.

रायफल घेत नाही. ठरलं.

रविवार

निर्णय झाल्यावरही तो एक मीटरचा चिवा मी टाकून दिलेला नाही, कारण त्याने शिकवलेलं खरं आहे. आखूड हत्यार लागणारच, आणि त्याला रायफल असण्याची गरज नाही. गुळगुळीत नळी वीस इंचांपेक्षा कमी नसावी एवढीच कायद्याची अट. विक्रेत्याला फोन करून विचारलं, चोवीस-पंचवीस इंच नळीची बारा बोअर एकनळी मिळेल का? “चौकशी करून सांगतो, कारखान्यातून येणाऱ्या बहुतेक लांबच असतात,” तो म्हणाला. २०१९च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच शस्त्रं ठेवता येतात, म्हणजे दुनळी ठेवून ही घेता येईल. दुनळी मी देणार नाही. दसऱ्याला कोयता, नांगराचा फाळ आणि ती, तिघांची एकत्र पूजा होते.

एक अडचण मात्र कुठल्याही बंदुकीने सुटणारी नाही. निवडणूक लागली की शस्त्रं ठाण्यात जमा करा असा हुकूम निघतो. २०२४ला मतदान ७ मेला होतं, म्हणजे ऐन काजूचा हंगाम बंदुकीविना गेला. रात्री डबे बडवत आणि फटाके लावत फिरलो, निम्मे बोंडू डुकरांनी आणि माकडांनी खाल्ले. रायफल असती तर तीही तिथेच जमा झाली असती. म्हणून रायफलीसाठी बाजूला काढलेले पैसे सौर कुंपणाला लावतोय. कृषी खात्याचं अनुदान आहे, कागद उद्या वाळपईच्या कार्यालयात देतो. तारेखालचं गवत वाढू द्यायचं नाही, नाहीतर झटका जमिनीत जिरतो; ते काम माझं. पहिली तार जमिनीपासून वीतभरावर घ्यायची, डुक्कर नाक खाली घालूनच येतं.

भाच्याला रात्री निरोप धाडला: रायफल नको, पण येताना तुझ्या रायफलीच्या पट्ट्यासारखा एक पट्टा घेऊन ये. एकनळीला लावतो.