दोन कूलर, एक क्यूआर कोड आणि आमची अभ्यासिका

२०२३ च्या एप्रिलात आमच्या अभ्यासिकेला दोन कूलर हवे होते. नागपूरचा उन्हाळा ज्यांनी काढलाय त्यांना जास्त सांगायला नको. वर टिनाचं छप्पर, एकच खोली, पारा ४५ च्या आसपास आणि आत लहानमोठी तीस-बत्तीस पोरं. संस्था आमची लहान, पण नोंदणी रीतसर. धर्मादाय आयुक्तांकडे १९५० च्या कायद्याखाली नोंदलेली, देणगीदाराला आयकरात वजावट मिळवून देणारी ८०-जी मान्यता मिळालेली. तोवर देणग्या दहा-बारा ओळखीच्या घरांतून हातोहात, पावतीपुस्तकावर यायच्या. मी दिवसा नोकरी करते आणि संध्याकाळी तिथे गणित शिकवते. फोन बऱ्यापैकी चालवता येतो म्हणून “ऑनलाइनचं तुम्हीच बघा, मॅडम” असं बैठकीत ठरलं.

बँकेकडून संस्थेच्या खात्याचा क्यूआर कोड घेतला, कॅन्व्हा अॅपवर पोस्टर केलं, व्हॉट्सअॅपवर २०० नावांची ब्रॉडकास्ट यादी केली आणि रात्री नऊला पाठवून दिलं. सकाळी बघते तर जेमतेम चाळीस जणांपुढे दोन टिक. ब्रॉडकास्टचा संदेश ज्यांच्या फोनमध्ये आपला नंबर सेव्ह आहे त्यांनाच पोचतो, हे मला माहीतच नव्हतं. संस्थेचं सिमकार्ड नवंकोरं, ते कोणाकडे सेव्ह असणार? मग दोन संध्याकाळी बसून एकेकाला फोन लावले, “काका, एवढा नंबर सेव्ह करून घ्या.” खरे पैसे आले ते त्यानंतर. आमच्या माजी विद्यार्थ्यांनी आपापल्या शाळेच्या बॅचच्या, कॉलनीच्या, भिशीच्या ग्रुपांवर दोन ओळी स्वतःच्या लिहून पोस्टर टाकलं. नऊ दिवसांत ३१ हजार जमले. कूलर आले, वाळ्याच्या ताट्या बसल्या.

पण त्या पोस्टरवर मी एक फोटो लावला होता. वहीने वारा घेत बसलेली नऊ वर्षांची एक मुलगी, घामाने केस कपाळाला चिकटलेले, नजर थेट कॅमेऱ्याकडे. फोटो मीच काढला होता आणि मला तो फार आवडला होता. चौथ्या दिवशी तिची आई अभ्यासिकेच्या दारात उभी. त्या धरमपेठेत दोन घरी स्वयंपाक करतात. त्यांतल्या एका घरच्या बाईंनी त्यांना मोबाइल दाखवून विचारलं होतं, ही तुझीच ना? कोणीतरी पुढे पाठवताना खाली स्वतःच्या मनाने ओळ जोडली होती, ‘या अनाथ मुलीला मदत करा.’

“ताई, माह्या पोरीले अनाथ काहून लिवलं? तिचा बाप सेंट्रिंगच्या कामावर हाये, मी हे तुमच्यापुढं उभी हावो. मले एक डाव इचारलं असतं त काय झालं असतं?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. ती ओळ मी लिहिली नव्हती हे खरं, पण तिचा चेहरा लोकांच्या हातात मीच दिला होता. सगळ्यांसाठी डिलीट करायची अडीच दिवसांची मुदत उलटून गेली होती, आणि पुढे गेलेल्या प्रती तर मुदतीत असते तरी परत आल्या नसत्या. ज्या ज्या ग्रुपचा माग लागला तिथल्या अॅडमिनना फोन करून काढायला लावलं. काहींनी लगेच काढलं, काहींनी फोनच उचलला नाही. दुसऱ्या दिवशी आमचे अध्यक्ष आणि मी त्यांच्या घरी जाऊन माफी मागून आलो.

तेव्हापासून फोटोसाठी मराठीत एका पानाचा संमतीचा कागद आहे. तो पालकांना वाचून दाखवतो, कारण नुसता सहीला पुढे केला तर कोणीही सही करून देतं. व्हॉट्सअॅपला चालेल का, फेसबुकला चालेल का, वार्षिक अहवालात चालेल का, असं वेगवेगळं विचारतो. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला. १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती त्यातही सांगितली आहे. पण आम्हाला तो धडा त्या आईकडून आधीच मिळाला होता. आता आमच्या फोटोंत बहुतेक हात असतात, वह्या, फळ्यावरची गणितं. देणग्या त्याने कमी झाल्या नाहीत.

दुसरी अडचण वर्षभर झोपून होती. ती २०२४ च्या एप्रिलात उठली. ८०-जी असलेल्या संस्थेला वर्षभरातल्या देणगीदारांची यादी १०-बीडी या फॉर्ममध्ये ३१ मेपर्यंत आयकर विभागाच्या पोर्टलवर भरावी लागते. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये. यादीत प्रत्येकाचं नाव, पत्ता, पॅन किंवा आधारसारखा ओळख क्रमांक आणि रक्कम हवी. ती भरली की प्रत्येकाच्या नावाने १०-बीई प्रमाणपत्र तयार होतं आणि ते दाखवूनच देणगीदाराला करात वजावट मिळते. आमचे खजिनदार काका रेल्वेतून निवृत्त झालेले, हिशेबाला पक्के. त्यांनी खात्याचा उतारा माझ्यापुढे ठेवला आणि पेन्सिलीने खुणा केलेल्या ओळी दाखवल्या. यूपीआयने आलेल्या ११८ रकमा. पुढे बारा आकडी क्रमांक आणि अर्धवट तुटलेलं नाव, ‘सुरेश आर’, ‘मेसर्स बाला’. “यातला सुरेश कोण, सांगा मला,” काका म्हणाले.

पैसे घेताना माणसाचं नाव-गाव विचारायचं असतं, ते आम्ही विचारलंच नव्हतं. मग गूगल फॉर्म केला. नाव, पत्ता, पॅन, रक्कम, तारीख आणि तो बारा आकडी क्रमांक अॅपमध्ये कुठे सापडतो त्याचं चित्र. पहिल्याच दिवशी एका आजोबांनी पॅनकार्डाचा फोटो थेट ३०० जणांच्या ग्रुपवर टाकला. त्यांना फोन करून तो काढायला लावला आणि प्रत्येक संदेशाच्या पहिल्या ओळीत लिहायला लागलो, ‘पॅन ग्रुपवर टाकू नका.’ फॉर्ममधली उत्तरं फक्त काकांना आणि मला दिसतात, दोघांच्याही खात्याला दुहेरी पडताळणी लावलेली आहे. नव्या कररचनेत ८०-जीची वजावट मिळत नाही, हेही आम्ही फॉर्मवरच लिहितो. कोणाला नंतर फसल्यासारखं वाटायला नको.

७४ जणांनी फॉर्म भरला. उरलेल्यांचा शोध मे महिनाभर चालला. ‘मेसर्स बाला’ म्हणजे सक्करदऱ्याकडचा एक चहावाला निघाला. आमचाच एक मुलगा त्याच्याकडे सकाळी काम करतो, त्या मुलाच्या मोबाइलवरचा कोड चहावाल्याने स्कॅन केला होता. १०१ रुपये. पावतीचं विचारलं तर म्हणाला, “पावती राहू द्या न मॅडम, कूलर चालू हाये ना?” अठरा जण शेवटपर्यंत सापडले नाहीत. सीएंनी त्या रकमा वेगळ्या दाखवल्या. १ लाख रुपये किंवा एकूण देणग्यांच्या ५ टक्के, यांतली जी रक्कम मोठी असेल तिच्या आतल्या निनावी देणग्यांवर कर लागत नाही, आणि आमचा आकडा त्याच्या कितीतरी खाली होता. आता कोडच्या खालीच फॉर्मची लिंक असते आणि काका दर शनिवारी उतारा जुळवतात.

गूगल फॉर नॉनप्रॉफिट्स या सामाजिक संस्थांसाठीच्या योजनेतून संस्थेच्या नावाचे ईमेल फुकट मिळाले, ते उपयोगी पडले. गूगल सर्चवर महिन्याला १० हजार डॉलरपर्यंतच्या जाहिराती फुकट करायची सोयही त्यात असते. आम्ही ती घेतली नाही. आमची मुलं आणि आमचे देणगीदार याच शहरातले, आणि ती जाहिरात नीट सांभाळायला आमच्याकडे माणूस नाही. लहान संस्थांनी आधी फोनची यादी आणि पावत्या धड कराव्यात, असं माझं स्पष्ट मत आहे.

याच काळात अमेरिकेतून एका माजी विद्यार्थ्याचा संदेश आला, ५०० डॉलर पाठवतो म्हणून. मी आनंदाने खाते क्रमांक टाइप करत होते, काकांनी थांबवलं. “आधी विचारा, पासपोर्ट कोणता?” भारतीय नागरिकाने परदेशातल्या बचतीतून बँकेमार्फत दिलेले पैसे चालतात. नागरिकत्व बदललं असेल तर ती विदेशी देणगी होते, त्याला एफसीआरए म्हणजे विदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी लागते, आणि ती आमच्याकडे नाही. तो तिथला नागरिक झाला होता. मी नाही म्हणून कळवलं तेव्हा मला फार वाईट वाटलं. दोन दिवसांनी त्याने विचारलं, “मॅडम, वेळ दिला तर चालतो का?”

आता दर रविवारी सकाळी आठला, म्हणजे त्याच्याकडे शनिवारी रात्री साडेदहाला, तो व्हिडिओ कॉलवर दहावीची भूमिती शिकवतो. लॅपटॉप टेबलावर, शेजारी जुना स्पीकर. मे महिन्यात आठलाच अंगाची लाही होते, पण कूलरच्या घरघरीत त्याचा आवाज नीट येत नाही. पोरं आपणच उठून दोन्ही कूलर बंद करतात आणि तासभर वहीने वारा घेत बसतात.