आईचे मायक्रॉन

आज नौपाड्यात आईच्या काचबिंदूची तपासणी. बधिर करणारा थेंब टाकून पेनासारखी सळई बुबुळाला टेकवली. पारपटलाची (बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याची) जाडी ५०२ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे हजारावे भाग. २०१९ च्या फाइलमध्ये ५०९! माझ्या पोटात गोळाच.

डॉक्टरबाई हसल्या. "अहो, वयानुसार निरोगी डोळ्याचं पारपटलही किंचित पातळ होतं. आणि सात मायक्रॉनचा फरक नुसत्या मोजणीतही पडतो." त्यांची काळजी वेगळीच होती. सरासरी जाडी ५४० च्या आसपास. पारपटल पातळ असलं की डोळ्याचा दाब मशीनवर खऱ्यापेक्षा कमी दिसतो. म्हणजे आईचा मशीनवरचा १६ दाब हा बहुधा १६ नाहीच. (आणि मी इतकी वर्षं त्या सोळावर खूश!)

काचबिंदूचे थेंब चुकवायचे नाहीत, एवढं बजावलं.

रिक्षात आई म्हणाली, "वजन सोडून सगळं कमी होतंय बघ माझं."